दाराबाहेरची खुर्ची

स्केलबेक, यॉर्कशर
बुधवार, ८ ऑक्टोबर

ब्रायनी,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज पोचतच नाहीत, म्हणजे तू मला ब्लॉक केलंयस. ठीक आहे. पोस्टमनला काही तुला ब्लॉक करता येणार नाही, म्हणून हे पत्र.

आधी सांग, विल्फला सर्दी झाली का? रविवारी चर्चच्या दारातून त्याला तशीच उचलून निघालीस. नऊ महिन्यांचं पोर, डोक्यावर टोपी नाही, काही नाही, आणि आपल्या खोऱ्यातला वारा तुला ठाऊक आहे. टोपी इथेच राहिली. तुझी ती मधे भोक असलेली उशीही राहिली. त्या उशीशिवाय पार ऍबर्डीनपर्यंत आगगाडीत कशी बसलीस कुणास ठाऊक. दोन्ही वस्तू पार्सलने पाठवतेय. तुझ्यासाठी भाजायला ठेवलेली मेंढीची तंगडी मात्र मी एकटीच खातेय, अजून संपली नाही.

आता मुद्द्याचं. मी काहीही वाईट केलेलं नाही. आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते तेव्हा नावं वाचतात, हे तू लहानपणापासून ऐकतेयस. तुझ्या आजोबांचं वाचलं होतं, शेजारच्या टेरीचं गुडघ्यासाठी वाचलं. मी तुझं नाव दिलं. आईने मुलीसाठी प्रार्थना मागायची नाही तर कुणी मागायची? पुढे मिस्टर डिन्स्डेल जे वाचून गेले ना, "बाळंतपणानंतर आतून उपचार घेणारी आपली ब्रायनी, आणि त्या दुखण्यापायी खोळंबलेला तिचा नि कॅलमचा संसार", ते त्यांनी कुठून आणलं देव जाणे! माणूस ऐंशीचा, ऐकू येत नाही, हातात पडेल ते घसा फोडून वाचतो. लोक माना वळवून बघायला लागले तेव्हा मला काय गुदगुल्या होत होत्या?

काल तुझ्यावर हातांनी उपचार करणाऱ्या त्या नेरिसच्या दवाखान्यातून घरच्या नंबरवर फोन आला. "ब्रायनी आहेत का?" एवढंच विचारलं, कशासाठी ते सांगेनात. पण मंगळवारची तुझी वेळ रिकामी गेली हे कळायला काय अक्कल लागते? दोनच खेपा झाल्यात तुझ्या. तूच म्हणालीस की दुसऱ्या खेपेनंतर पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसता आलं. तुमच्या ऍबर्डीनला नंबर लागायला वर्ष जाईल, म्हणून तर लेकराला घेऊन एवढ्या लांब आलीस. अर्ध्यावर सोडू नकोस. राग माझ्यावर काढ, दुखणं अंगावर काढू नकोस.

आई

स्केलबेक
सोमवार, २० ऑक्टोबर

ब्रायनी,

कॅलमचा मेसेज आला. "पार्सल मिळालं." बस्स. तो समुद्रावरच्या कामावरून परत आलाय म्हणजे. एरवी माझ्याशी अर्धा तास फुटबॉलवर बोलणारा जावई, आणि आता दोन शब्द. त्यालाही कळलेलं दिसतंय.

बरं, ऐक. ती चिठ्ठी बेरिलने लिहिली होती. प्रार्थनेच्या नावांची चिठ्ठी तीच करते, तुला माहीतच आहे. आणि बेरिलला मी सांगितलं होतं. गुरुवारी चर्चच्या घंटाघरात घंटा ओढायचा सराव संपला, सगळे खाली गेले, आम्ही दोघी दोर गुंडाळत होतो. तिने विचारलं, "पोरगी एवढी मोठी रजा टाकून का आलीय गं?" मी म्हटलं, बायकांचं दुखणं आहे. बेरिल माझ्या शेजारची घंटा ओढते, किती वर्षांपासून! तिला नाही सांगायचं तर कुणाला? आता तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला ठाऊक होतं का? होतं. पण ती लिहून देईल, आणि डिन्स्डेल ते जसंच्या तसं वाचतील, हे कुणाच्या स्वप्नात आलं असतं?

बेरिल रडली. म्हणाली, "मोघम प्रार्थना केली तर देवाला काय कळणार, म्हणून मी जरा सविस्तर लिहिलं." काय बोलायचं हिला!

शुक्रवारी मी नेरिसकडे गेले. माफी मागायला म्हण. आल्याचा पार्किन केक नेला होता. म्हटलं, "माझी मुलगी पुढे येईल की नाही, तुम्हाला काही बोलली का?"

नेरिसने केक घेतला, आभार मानले आणि त्या वेल्श सुरात म्हणाली, "ग्लेनिस, तुमच्या मुलीबद्दल मी तुमच्याशी एक अक्षर बोलणार नाही. ती माझ्याकडे येते की नाही, हेसुद्धा नाही."

"अहो, मी तिची आई आहे. मीच तिला गाडीतून आणत होते!"

"गाडी तुमची," ती म्हणाली, "बाकी सगळं तिचं."

मला असा राग आला! उठले, तावातावाने काही बोलणार तेवढ्यात शिंक आली. आणि शिंक आली की मी काय करते ते तू पाहिलंयस, मांड्या आवळून, टेबलाची कड धरून उभी राहते. नेरिस बघत होती. म्हणाली, "हे किती वर्षांपासून?"

"काय किती वर्षांपासून? सर्दी आहे."

"बरं," म्हणाली आणि केकचा तुकडा कापून माझ्यापुढे ठेवला.

मी काही तिला सांगितलं नाही. तुलाही सांगत नाहीये.

आई

स्केलबेक
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ब्रायनी,

तुझं उत्तर नाही, तरी लिहितेय. हे पत्र कॅलमला वाचू देऊ नकोस.

मी नेरिसकडे गेले. स्वतःसाठी. घे, आता हस.

तू जन्मलीस तेव्हा मला टाके पडले होते. हे मी तुझ्यावर ढकलत नाही, पोरी. तुझं डोकं मोठं होतं हा काही तुझा गुन्हा नाही. डॉक्टर घाईत होता, त्याने शिवलं आणि गेला. तेव्हापासून खोकलं, शिंकलं, हसलं की गळतं. हल्ली संध्याकाळ झाली की खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटतं. काळ्या पँटशिवाय मी घंटा ओढायला गेलेले नाही ते काय मला काळा रंग शोभतो म्हणून? माझी आई म्हणायची, बाईचं अंग असंच असतं, लेकरू झालं की घर जुनं झालं समजायचं. मी समजले. आणि तू तशीच दुखत आलीस तेव्हा पहिल्या दिवशी मी तुला तेच ऐकवलं, "आम्हीही पोरं काढली, कुणी बोभाटा केला नाही." आठवतंय मला.

नेरिसने आधी डॉक्टरकडे पाठवलं. रक्त जातंय का, इन्फेक्शन आहे का, हे बघितल्याशिवाय ती हात लावत नाही. डॉक्टरने सांगितलं, अंग जरासं खाली आलंय, घाबरण्यासारखं नाही. मग तिच्याकडे पहिल्या दिवशी नुसत्या गप्पा. गप्पा कसल्या, उलटतपासणी! बाळंतपण कसं झालं, लघवीला किती वेळा उठता, पोट साफ होतं का, नवऱ्याबरोबर दुखायचं का. तुझे बाबा जाऊन सहा वर्षं झाली, आणि मी त्या परक्या बाईसमोर "हो, दुखायचं" असं म्हणाले. त्यांना मी हे कधी सांगितलं नव्हतं.

मग तिने कमरेच्या हाडांचा प्लॅस्टिकचा सांगाडा काढला आणि दाखवलं की खाली स्नायूंची झोळी कशी टांगलेली असते. मी म्हटलं, माझी झोळी फाटलीय. ती म्हणाली, "फाटलेली नाही. एका बाजूने घट्ट आवळून बसलीय, दुसऱ्या बाजूने दमलीय." त्या दिवशी वरूनच काम केलं, पाठ, बरगड्या, पोट, मांड्यांचे सांधे. ऊबदार हात. आत तपासायचं का याचं उत्तर आज देऊ नका म्हणाली. घरी जा, विचार करा, नको वाटलं तर नको, मग बाहेरूनच करू.

दुसऱ्या खेपेला सगळं पुन्हा समजावलं, माझी सही घेतली, आणि मग तिने ते विचारलं. "ग्लेनिस, आत सोबतीला कुणी हवंय का?"

मी दाराकडे बघितलं. दारापलीकडे ती खुर्ची होती, जिच्यावर तू मला बसवलं होतंस. बेरिल गाडी घेऊन आली होती, तीच आत्ता तिथे मासिक चाळत बसलेली. मी म्हटलं, "नको. कुणीही नको. दार नीट लागलंय ना?"

लागलं होतं. तरी मी तिला पुन्हा बघायला लावलं.

काय होतं ते तुला माहीत आहे, पण मला कुणालातरी सांगायचंय आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगू? ती बाहेर गेली, मी कमरेखालचे कपडे काढून पलंगावर पडले, वर चादर. ती हातमोजे घालून आली. म्हणाली, "थांबा म्हटलंत की मी थांबणार. कारण सांगायची गरज नाही." मग एकच बोट, जेल लावलेलं, अगदी सावकाश. डॉक्टरकडचं ते लोखंडी चमचा घालणं नाही, खडखडाट नाही. एकेक जागा हलकेच दाबायची आणि विचारायची, इथे? किती? दहापैकी किती? उजवीकडे मला काहीच वाटलं नाही. डावीकडे एका जागी बोट टेकलं आणि माझ्या मांडीपर्यंत कळ गेली. जुन्या टाक्यांची जागा. मी ओरडले, "थांबा!"

आणि ती थांबली, ब्रायनी.

तिने हात काढून घेतला आणि नुसती उभी राहिली. तुझ्या वेळी मी त्या डॉक्टरला किती वेळा थांबा म्हटलं होतं! "झालंच, बाई, झालंच," म्हणत तो शिवत राहिला. मला रडू फुटलं. म्हातारी बाई, पाय वर, चादर घेऊन हमसून हमसून रडतेय. नेरिस म्हणाली, "होतं असं. घाई नाही." पाणी दिलं. नंतर मीच म्हटलं, चला, पुन्हा. या वेळी बोट नुसतं टेकवून ठेवलं, दाबलंही नाही, मी श्वास सोडत राहिले, आणि बऱ्याच वेळाने तिथे काहीतरी सैल झालं. मुठीत धरलेला दोर आपोआप सुटावा तसं.

मग तिने मला उभं केलं आणि म्हणाली, घंटा कशी ओढता ते दाखवा. मी हवेतच दोर ओढून दाखवला. "श्वास कुठे गेला?" म्हणाली. मी ओढताना श्वास कोंडते आणि खाली जोर देते. दर ओढीला. इतकी वर्षं, रविवार काय, लग्नं काय, मयती काय! आता ओढताना श्वास सोडायचा, एवढंच शिकायचंय. आणि घरी करायचे व्यायाम. हातांनी सगळं जागेवर येईल असं वचन मी देणार नाही, ताण कमी होईल आणि तुम्हाला तुमचं शरीर कळेल, असं ती म्हणाली. दोन दिवस अंग ठणकलं, मग हलकं वाटलं.

बेरिल गाडीत म्हणाली, "काय गं, काय काय केलं आत?"

ब्रायनी, तिने विचारलं मात्र, मी पट्टा लावत बसले. मी म्हटलं, "पाठीचं होतं."

आई

स्केलबेक
रविवार, १६ नोव्हेंबर

ब्रायनी,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि झोप उडाली. त्यात सगळं आहे आणि मुख्य तेच नाही.

तू मला गाडीत सांगितलं होतंस. दुसऱ्या खेपेनंतर, दवाखान्याच्या आवारातच, मी किल्ली लावायच्या आधी. "आई, कॅलम घरी यायचा दिवस जवळ आला की मला धडकी भरते. तो काही म्हणत नाही. म्हणत नाही म्हणूनच जास्त." आणि पुढे म्हणालीस, "कुणाला सांगू नकोस." मी म्हटलं, "वेडी आहेस का?"

त्याच संध्याकाळी घंटाघरात बेरिलला मी ते सांगितलं. बायकांचं दुखणं एवढंच नाही, हे. शब्दन् शब्द. मागच्या पत्रांत मी हातचं राखलं, पहिल्यात तर चक्क खोटं बोलले. डिन्स्डेलनी कुठून आणलं ते देवाआधी मला ठाऊक होतं.

आणि काळजीपोटी सांगितलं असंही नाही. ते म्हणायची फार इच्छा आहे, पण नाही. नेरिसने तुला विचारलं, सोबत कुणी हवंय का, तेव्हा तुझ्याआधी मीच म्हटलं, "हो, मी आहे ना." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तुझ्याकडेच बघत राहिली. आणि तू म्हणालीस, "आई बाहेर बसेल." नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. तुझी लंगोटं मी बदलली, आणि मी बाहेर! दोन्ही खेपांना त्या खुर्चीवर बसून मी धुमसत होते. मग बेरिलने विचारलं, आणि मला दाखवायचं होतं की माझ्या मुलीचं माझ्यापासून काही लपलेलं नसतं. आतली गोष्ट मला ठाऊक आहे, एवढ्या मोठेपणासाठी मी तुझा संसार चव्हाट्यावर मांडला.

मला लाज वाटते. नेरिसने दार लावलं ना, तेव्हापासून जास्तच वाटते. माफ कर असं लिहीत नाही, कारण मग तुला उत्तर द्यावं लागेल. फक्त तू उपचार सोडू नकोस. माझ्या घरी नको येऊस. गावातही येऊ नकोस हवं तर, तिकडे कुणी चांगली बाई मिळते का बघ. पण माझ्या जिभेपायी तू आयुष्यभर त्या भोकाच्या उशीवर बसलीस तर मला मरताना सुख लागायचं नाही.

आई

स्केलबेक
बुधवार, ३ डिसेंबर

माझी ब्रायनी,

तू आत्ता गाडीत असशील, बहुधा न्यूकॅसल ओलांडलं असशील. मी घरी येऊन चहासुद्धा न टाकता लिहायला बसलेय.

तुझी चार ओळींची चिठ्ठी मी इतक्यांदा वाचली की घडीवर फाटली. "मंगळवारी सकाळी नेरिसकडे वेळ घेतलीय. गेस्ट हाउसमध्ये उतरतोय. विल्फला बाहेर कुणीतरी धरायला हवंय. यायचं तर ये, पण काही विचारायचं नाही." मी कपाटातला चांगला कोट काढला, परत ठेवला, परत काढला. चर्चच्या नव्या पाद्रीबाईच्या पहिल्या भेटीला जातानाही इतकी घाबरले नव्हते.

खरं सांगते, ती खुर्ची फार टणक आहे. विल्फ आधी मला ओळखेना, ओठ काढून बसला. मग माझ्या कोटाचं बटण त्याला सापडलं आणि आमचं जमलं. आत तुमचं बोलणं चालू होतं, नुसता आवाज, शब्द नाहीत. तरी मी उठून खिडकीपाशी गेले आणि त्याला रस्त्यावरची कुत्री दाखवत बसले. एकदा तू आत मोठ्याने हसलीस. केवढं विचारावंसं वाटलं, कशाला हसलीस! जीभ चावली अक्षरशः, अजून दुखतेय.

बाहेर आलीस तेव्हा तुझे डोळे लाल होते. मी विल्फला तुझ्याकडे दिलं आणि म्हटलं, "नॅपी बदललीय." तू माझ्याकडे बघत राहिलीस. "एवढंच?" म्हणालीस. मी म्हटलं, "थोडी शी केली होती, ती पण सांगू?" तेव्हा तू दुसऱ्यांदा हसलीस, आणि हे हसू माझ्यासमोर होतं.

रविवारचंही सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून ऐकायला नको. घंटा वाजवून खाली आले तर बेरिलची जिन्यातच गाठ पडली. "ब्रायनी येतेय म्हणे? आता कसं आहे तिचं? नाव घालू का चिठ्ठीत?" मी म्हटलं, "बेरिल, तिचं तिला विचार. आणि नाव घालायचं तर माझं घाल, आणि कशासाठी ते मोकळं सोड. देवाला कळतं." ती जरा फुगलीय. फुगू दे. डिन्स्डेलनी "ग्लेनिस" एवढंच वाचलं, तेही टेरीच्या गुडघ्यानंतर. चारजणींनी वळून पाहिलं. मी समोर बघत बसले. तुला त्या दिवशी कसं झालं असेल त्याचा दहावा हिस्साही नव्हतं ते, पण तेवढ्यानेही कान तापले माझे.

आणि आज सकाळी स्टेशनवर सोडायला आले तेव्हा, गेस्ट हाउसपासून तोंडाला कुलूप लावूनच गाडी चालवत होते. रेल्वे फाटक पडलं. मालगाडी आली, लांबच लांब. विल्फ मागे झोपला होता. आणि तू, समोर डब्यांकडे बघत, आपणहून मला तुझं आतलं काहीतरी सांगितलंस. मी काही विचारलं नव्हतं. मला वाटतं मी "बरं" म्हणाले, मग फाटक उघडलं आणि मागचा टेम्पो हॉर्न वाजवायला लागला.

घरी आल्यापासून ते माझ्याजवळ आहे. बेरिलचा दोनदा फोन येऊन गेला, उचलला नाही. तू काय म्हणालीस ते मी इथेही लिहीत नाही. पत्र कुणाच्याही हाती पडू शकतं.

जानेवारीच्या खेपेला खुर्चीवर टाकायला मी घरची उशी आणेन.

तुझी आई